अण्णांच्या चपला

पुणतांबा. मंगळवार, दिवेलागणीला.

पुठ्ठ्याचं छोटं घर आज पुरं झालं, असं मीच धरून चाललो होतो. चूल, मांडणी, काडेपेटीएवढी खाट, सगळं आमच्या घरातल्यासारखं. आईला आता नीट दिसत नाही, म्हणून तिनं बोटानं चाचपून बघितलं. उंबऱ्यापाशी बोट थांबलं.

“तुझ्या अण्णांच्या चपला न्हाईत व्हय?”

अण्णा जाऊन वर्ष होत आलं. खऱ्या चपला तिनं अजून दारातून हलवू दिलेल्या नाहीत.

सायकलच्या जुन्या ट्यूबमधून तांदळाएवढ्या चपला कापल्या. पण ठेवायच्या कशा? टोकं आत की बाहेर? दोन्ही तऱ्हांनी ठेवून बघितल्या.

शेवटी तिलाच विचारलं.

“घराकडं तोंड करून ठेव,” ती म्हणाली. “आत हायेत ते.”