दाराजवळची पेटी

आई, तुझी पत्र्याची पेटी पुन्हा दाराजवळ, उंबऱ्याच्या डाव्या हाताला, तू ठेवायचीस तिथेच आणून ठेवली आहे. ती तिथून हलवली होती मीच. हे तुला सांगायला मला इतकी वर्षे लागली.

भूकंपाची ती पहाट आठवते. मांडणीवरची भांडी धडाधड खाली येत आहेत, पेठेतली आपली सारी गल्ली रस्त्यावर उभी आहे, आणि तू सगळ्यांच्या मागून, काखेत ही पेटी घेऊन, बाजारातून आल्यासारखी बाहेर येतेस. तीत मेणकापडात गुंडाळलेले घराचे कागद होते, विजेरी होती, दोर, काड्यापेटी, औषधांच्या पुड्या आणि धुवट फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी. त्या दिवशी गल्लीतल्या लेकरांनी तुझी भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. तू सांगोल्याकडची, दुष्काळात वाढलेली. दर अमावस्येला पेटी उघडायचीस, नव्या भाकरी आत, जुन्या आमटीत कुस्करून आमच्या ताटात. मी एकदा थट्टेने म्हणालो, "आई, ही पेटी म्हणजे संकटाला आवतण आहे." तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "आवतण न्हाय दिलं तरी येतंय की ते. येऊ दे. आपल्या घरात काय कुटं हाय, ते आपल्याला ठावं पायजे." आणि पेटीला कुलूप का नाही, या प्रश्नाला तुझे उत्तर होते, "हिला सोवळं न्हाय, ओवळं न्हाय. ज्याचा हात पोचंल, त्यानं उचलायची."

तुझे हे शेवटचे वाक्य मी विसरलो असे म्हणणे खोटे होईल. मला ते स्मरत होते. मला ते अडाणीपणाचे वाटत होते. तू मला शिकवलेस, संस्कृत वाचायला पाठवलेस, आणि जे शिकलो त्याने मी तुझ्याहून शुद्ध झालो, असा माझा समज झाला. तू गेल्यावर मी पेटीला मान दिला, असे तेव्हा मनाशी म्हणत होतो. तुझ्या वस्तू तशाच ठेवून वर रेशमी रुमालात माझ्या पोथ्या ठेवल्या आणि पेटी देवघरात नेली. पोथ्या सुरक्षित राहाव्यात, एवढाच हेतू होता. पण पोथ्या आल्या तशी पेटी सोवळ्यात गेली. स्नानाशिवाय तिला हात लागेनासा झाला.

माझ्या मुलाच्या बायकोने, सूनबाईने, तुझी रीत मात्र कुणी न सांगता उचलली होती. तुझ्या सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, दमा जडल्यापासून सूनबाईने पेटीत श्वासाच्या औषधाचा जादा पंप ठेवला होता. एका सकाळी सूनबाई विजेरीतील सेल बदलत होती. अजून न्हायची होती. बाहेर माझ्याकडे वाचनासाठी आलेली मंडळी बसलेली. मी त्या सर्वांदेखत म्हणालो, "या घरात विटाळाचा विचार कुणी करायचा?" तिने पेटी मिटली. मी त्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहिलो, आणि दोघी सासू-सुना माझ्यामुळे उपाशी राहिल्या. मंडळींना माझ्या निष्ठेचे कौतुक वाटले. मलाही वाटले.

गेल्या भाद्रपदात भरदुपारी मागचा नाला फुटून घरात गुडघाभर पाणी शिरले. मी देवळात होतो, शरणागतीवर बोलत होतो. वाट बंद झाली म्हणून तिथेच अडकलो. मुलगा नोकरीला पुण्यात. धावपळीत तुझ्या सुनेला धाप लागली आणि तिचा नेहमीचा पंप उशाच्या फळीवरून पाण्यात पडला, तो सापडेना. सूनबाई देवघराच्या दारापर्यंत गेली. तिचे ते चार दिवस होते. पेटी समोर, हातभर अंतरावर. आणि पलंगावरून, जिला धड श्वास घेता येत नव्हता, ती माझी बायको म्हणाली, "राहू दे गं. हे परत उपाशी बसतील."

हे मला दवाखान्याच्या ओसरीवर शेजारच्या अक्कांनी सांगितले. विणकराच्या घरातल्या त्या, तेलुगू वळणाने मराठी बोलतात. पाण्यातून चपलांसकट त्या थेट देवघरात गेल्या, पेटी ओढली, पोथ्या बाजूला सारल्या आणि पंप काढून दिला. मला म्हणाल्या, "तुमची सून दाराशी रडत हुबी होती ओ मास्तर. मी म्हटलं, अगं, देव काय पळून जातोय का? बाई चालली की हितं." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या चहा आणायला गेल्या.

ती वाचली. पण छातीत तेव्हापासून जी घरघर बसली आहे ती जात नाही, आणि जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबते. मी खाली उभा राहून तिची ती पायरी पाहतो. देवळात लोक म्हणाले, ईश्वराने राखले. मी मान डोलावली.

आता पोथ्या फडताळात आहेत. पेटी दाराशी आहे, तीत नवा पंप आहे, आणि अमावस्येला सूनबाई ती उघडते, कधी स्नान करून, कधी न करता. ती उघडताना एकदा माझ्याकडे पाहते. तेवढ्यात काही बोलता आले असते. मी खिडकीबाहेर पाहतो.

आई, तुला अक्षरओळख नव्हती. म्हणूनच तुला लिहायला हात धजला. जिला वाचता येते ती सूनबाई आत भाकरी थापते आहे. हे पत्र पेटीत ठेवावे असे आधी वाटले होते. पण पेटी ती उघडते. म्हणून मी ते फडताळातल्या पोथीत ठेवतो आहे. तिथे अजून माझ्याखेरीज कुणी हात लावत नाही.