राजवायू

प्रिय ताई,

फोन केला की तू दोन वाक्यांत "थांब, यांना देते" म्हणून मला भाऊजींच्या हवाली करतेस. मग भाऊजी आणि मी पाऊसपाण्यावर बोलत बसतो आणि तू मागून हसत असतेस. म्हणून आज पत्र. हे मात्र भाऊजींकडे सरकवू नकोस. चष्मा शोध, खिडकीपाशी बस आणि सावकाश वाच. बातम्या बऱ्याच आहेत, आणि बहुतेक चांगल्या आहेत.

पहिली बातमी म्हणजे आमचा वायू अखेर माणसांपर्यंत पोचला. तोच तो झेनॉन. मी शाळेत असताना राजवायूंचा धडा मोठ्यानं पाठ करत होते आणि तू शेजारी पोहण्याचा पोशाख पिळत होतीस, आठवतं? जो कुणाशी बोलत नाही, कुणात मिसळत नाही, चार माणसांत कोपरा धरून बसतो तो राजा कसला, तो तर आपला काका, असं तू म्हणालीस आणि आईनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला. तेव्हापासून हा वायू माझ्या डोक्यात 'काका' म्हणूनच बसलाय. परिषदेत भाषण करतानासुद्धा जीभ आवरावी लागते.

पण हा काका दिसतो तितका अलिप्त नाही गं. श्वासातून रक्तात आणि रक्तातून थेट मेंदूत शिरतो. भरपूर दिला तर माणूस गाढ झोपतो. आम्ही भूलतज्ज्ञ त्याला तेवढ्यापुरतंच ओळखत होतो. थोडासा दिला तर काय होतं, हे मला सुचायला आईचा विसरण्याचा आजार यावा लागला. ती आपल्याला 'अहो बाई' म्हणायला लागली होती तेव्हाची गोष्ट. तू तिचे केस विंचरत होतीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू भूलतज्ज्ञ ना? मग हिची ही भूल उतरव की." त्यात टोमणा नव्हता. तू खरंच विचारत होतीस. त्या प्रश्नापायीच मी शस्त्रक्रियेची खोली सोडून प्रयोगशाळेत आले.

तिथं सुरुवातीला उंदीर. या आजारात मेंदूतल्या राखणदार पेशी पिसाळतात. घाण साफ करायची सोडून घरातल्याच माणसांवर धावून जातात म्हण ना. थोडा झेनॉन हुंगवला की त्या शांत होतात आणि पुन्हा केर काढायला लागतात, असं आम्हाला दिसायला लागलं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणं वेगळं आणि पिंजऱ्यात दिसणं वेगळं. आजारी उंदरीण कापूस नुसता विस्कटून त्यावर बसून राहते, घरटं कसं करायचं ते तिला सुचत नाही. एका सकाळी पिंजरा उघडला तर वायू दिलेल्या एकीनं कापसाची छान गोल वाटी करून ठेवली होती आणि आत अंग चोरून झोपली होती. मी पान्ह्याला हाक मारली. पान्हा म्हणजे आमचा यंत्रं बनवणारा सहकारी, नट आवळायचा पान्हा कायम खिशात, म्हणून हे नाव. त्याचं खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुठं वापरत नाहीत. तो बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला की हिला आमच्या घरी पाठवा, पोरांना पसारा आवरायला शिकवेल.

पुढचं काम त्याचंच होतं. हा वायू हवेत इतका कमी असतो की एकदा हुंगून सोडून दिला तर परवडायचं नाही. रुग्णानं सोडलेला श्वास परत गोळा करायचा, धुवायचा, प्राणवायू मिसळून पुन्हा द्यायचा, असं यंत्र हवं होतं. ते यंत्र वर्षभर गळत होतं. पान्हा साबणाचा फेस घेऊन प्रत्येक सांध्यावर बुडबुडे शोधत फिरायचा, आणि मी त्याच्यामागे टॉर्च धरून. शेवटी गळती सापडली ती मास्कच्या कडेला. आम्ही बेतलेला मास्क हनुवटीवर नीट बसतच नव्हता. मला एकदम तुझी आठवण झाली. तलावावर पोहायला शिकवताना नव्या मुलींचे पोहण्याचे चष्मे तू स्वतःच्या तळव्यानं दाबून बघायचीस, तसं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर हातानं दाबून आम्ही मास्क नव्यानं बेतला.

मग धडधाकट माणसांवर चाचणी झाली. पहिले आले ते एक निवृत्त शिक्षक, अगदी बारीक आवाजाचे. मास्क काढल्यावर त्यांना बरं वाटतंय का विचारलं तर आवाज आला विहिरीतून आल्यासारखा, घोगरा, भारदस्त. वायू जड असतो, म्हणून क्षणभर तसं होतं. ते स्वतःच दचकले आणि म्हणाले, "हा आवाज चाळीस वर्षांपूर्वी द्यायचा होतात, पोरांनी वर्गात ऐकलं तरी असतं." आता नियम केलाय की मास्क काढल्यावर थोडा वेळ कुणीही तोंड उघडायचं नाही. नाहीतर कुणाला झेनॉन मिळाला आणि कुणाला साधी हवा, हे आवाजावरूनच फुटेल. ते शेवटपर्यंत कुणालाच कळता कामा नये.

कुणालाही अपाय झाला नाही. म्हणून आता परवानगी मिळाली आहे खऱ्या रुग्णांसाठी, तेही अगदी सुरुवातीच्या पायरीवरच्या. आईसारखं सगळं हातातून गेलेल्यांसाठी नाही. ज्यांचं अजून बरंच शाबूत आहे त्यांच्यासाठी. हा इलाज आहे असं मी म्हणणार नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सकाळी कामाला जाताना पायांत बळ वाटतं.

आणि नेमकं याच वेळी मी माझी खोली रिकामी केली. या चाचणीचं प्रमुखपद मी सोडलं. माझी जागा माझ्या विद्यार्थिनीनं घेतली आहे. ती माझ्यापेक्षा कडक आहे, काम चोख होईल. पान्हा दोन दिवस रुसून बसला. मग मी त्याला कारण सांगितलं. त्यानं माझी पुस्तकांची खोकी स्वतः उचलून गाडीत ठेवली.

आता ते कारण तुला सांगते. मी गेल्या खेपेला आले तेव्हा मला स्टेशनवरून आणताना तू गाडी जुन्या तलावाकडे वळवलीस, जो बुजवून कितीतरी वर्षं झाली. "सवय," म्हणालीस आणि हसलीस. त्या संध्याकाळी पोहण्याच्या स्पर्धेतली तीच गंमत तू जेवणाआधी सांगितलीस आणि जेवताना पुन्हा. भाऊजी दोन्ही वेळा सारखेच हसले, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. तलावावरच्या मुलींची वेळ मोजायला हल्ली तू त्यांना बोलावतेस, हेही त्यांनीच सांगितलं. ताई, तुला हे माझ्या आधी कळलंय, असं मला वाटतं. म्हणूनच फोन त्यांच्याकडे जातो. तर ये. आधी फक्त तपासणी करू. काही नाही निघालं तर बहिणीनं फुकट खुर्ची सोडली म्हणून मला जन्मभर चिडव. मला ते आनंदानं चालेल. आणि निघालंच, तर आपण आईच्या वेळेपेक्षा कितीतरी आधी दाराशी पोचलोय. प्रमुखाच्या सख्ख्या नातेवाइकाला या चाचणीत घेता येत नाही, म्हणून मी आता प्रमुख नाही. भाग घ्यायचा की नाही, ते तूच ठरव. नको म्हणालीस तरी मी तुझ्यासोबतच असेन. पण प्रत्येक रुग्णाबरोबर त्याला वर्षानुवर्षं ओळखणारं कुणीतरी बसावं लागतं, हा माणूस पूर्वी कसा होता आणि आज कसा आहे, हे सांगायला. तुझ्याशेजारची ती जागा मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

तुझीच,
धाकटी