आधी करंट बघू

बाबा,

दुकानात बंद मोटर आली की तुम्ही आधी करंट येतोय का ते बघायचात. माझ्या हातून शटर वर जाईना, तेव्हा मात्र थेट म्हणालात, "आळशी!"

"नैराश्यात पेशींची वीजघरंच मंदावत असावीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहींना गोळीनंही थकवा येतो." पहिल्या गोळीनं मी आणखीच गळून गेले होते, म्हणून त्यांनी ती बदलली. आज शटर एका दमात वर गेलं. मोटरचं वाइंडिंग उरकूनही अंगात जोर शिल्लक आहे. हुश्श!

दादा सांगत होता, त्याच्याकडे गेल्यापासून तुम्हीही दुपारपर्यंत अंथरुणातच असता. जिभेवर आलं होतं "आळशी", पण गिळलं.

हे पत्र पाठवत नाही. तुम्हाला डॉक्टरीणबाईंकडे न्यायला मीच येतेय. आधी करंट बघू.

तुमची,
आळशी