पिल्लू आणि बाबा

५ एप्रिल
पाय मुरगळलाच! अभयारण्यात सहलीच्या मुलांना बदकं दाखवत लाकडी पुलावर उलटी चालत होते — फळी संपली, माझं बोलणं नाही. डॉक्टर म्हणाले, महिनाभर घरी. आता करकोच्याच्या पिल्लाला कोण भरवणार?

६ एप्रिल
यंत्रात उबवलेलं पिल्लू. माणसाचा लळा लागला तर थव्यात कधीच जाणार नाही. म्हणून भरवणाऱ्यानं पांढरा झगा घालायचा, तोंडावर जाळी, हातात करकोच्याच्या डोक्याची बाहुली — आणि चकार शब्द काढायचा नाही. अभयारण्यात माणसं कमी, साहेब हवालदिल. तर सासरे म्हणाले, मी जातो. नवरा नि मी बघतच राहिलो! सासूबाई गेल्यापासून बाबा उंबऱ्याबाहेर पडत नाहीत, आणि घरात त्यांची टकळी थांबत नाही.

९ एप्रिल
बाबा पिल्लाला 'ये रे बाळा' म्हणाले म्हणे. साहेबांनी दम भरला. बाबा रुसले, उद्यापासून जाणार नाही म्हणाले.

१० एप्रिल
सकाळी बघते तर बूट घालून तयार.

२२ एप्रिल
छान चाललंय. पिल्लू बाबांच्या मागे मागे तळ्याकाठी फिरतं, चिखलातले किडे टिपतं. दिवसभर साचलेलं बोलणं बाबा जेवताना मोकळं करतात. पण रडगाणं नाही, सगळं पिल्लाचंच कौतुक. जेवतातही पोटभर.

३ जून
माझा पाय कधीच बरा झालाय. झगा मागायचं धाडस होत नाही.

२८ जून
गेलं! पलीकडच्या काठावर रानातले करकोचे उतरले होते. पिल्लानं मान उंचावली आणि सरळ उडालं. सहलीच्या मुलांना घेऊन मी आडोशाला होते. एका मोठ्या पक्ष्यानं त्याला टोचलं — जीव टांगणीला लागला. पण पिल्लू हटलं नाही. हळूहळू थव्यात मिसळलं.
बाबा तसेच उभे. जाळीमुळे चेहरा दिसेना, खांदे हलत होते. तेव्हाही तोंडातून शब्द नाही. तिकीट खिडकीवरच्या बाई आल्या — एकट्याच राहतात त्या — बाबांच्या हातातली बाहुली काढून घेतली, पाणी दिलं. दोघं बराच वेळ बाकावर बसून होते.

३० जून
बाबा आता पुन्हा घरात बसतील असं धरून चालले होते. ते डबा घेऊन निघाले. तिकडे आता काय काम, विचारलं. 'आहे,' म्हणाले.

५ जुलै
रात्री जेवायला बसलो. बाबा म्हणाले, उद्या त्या तिकीट खिडकीवरच्या बाई चहाला येणार आहेत. नवऱ्यानं विचारलं, काही विशेष? बाबांनी वाटी जरा बाजूला सरकवली.
"कायमच्याच आल्या, तर चालेल का तुम्हा दोघांना?"