एकशे बारा सह्या

मंठा,
दि. २९ जानेवारी २०२५

तीर्थरूप मीनाताईस,
कल्याणचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुझ्याकडून निघालो तो जीपमध्ये अर्धा आत, अर्धा बाहेर असा घनसावंगीला आलो आणि तिथून परतूरमार्गे घरी. अंग अजून आंबलेलं आहे, पण मन मात्र भरलं आहे. चार वर्षं मी दर दुसऱ्या रविवारी सावरवाडीला येऊन आपला वाचनकट्टा चालवतो आहे, पण सव्वीस जानेवारीला जे झालं ते कधी झालं नव्हतं. शाळेच्या पटांगणात एकशे बारा माणसं! त्यातल्या सत्तरेक तर बायाच. लोकशाहीवरच्या पुस्तकातला धडा मी वाचला, शेतीवरचं पुस्तक दुर्गाबाईनं अडखळत का होईना पण स्वतः वाचलं, आणि कवितेचा अर्थ लावायची वेळ आली तेव्हा तू सगळ्यांसमोर माझीच फजिती केलीस. म्हणे, मास्तर, कविता आधी दोनदा ऐकू द्या, मग अर्थ विचारा. चाळीस वर्षं वर्गात हेच शिकवून मी रिटायर झालो आणि बहिणीनं पहिल्याच फटक्यात मला नापास केलं.

एक आनंदाची बातमी राखून ठेवली होती. रामराव सरपंचांनी वाचनालयाला खोली बांधून द्यायचं कबूल केलं आहे. वर आपल्या आबांचं नाव लागणार, कै. कडूबा वाचनालय. प्रस्तावाला जोडायला ग्रामसेवक भाऊसाहेबांनी त्या दिवशीच्या सह्यांचे कागद मागितले, ते मी लगेच देऊन टाकले. एवढ्या सह्या पाहून तालुक्याचे लोकही चाट पडतील म्हणाले. आबांचा एखादा बरा फोटो ट्रंकेत असेल तर शोधून ठेव.

भाऊजींना नमस्कार. पत्र लिहीत जा, फोनवर तू नुसती हं हं करतेस. या धाकट्यावर माया राहू दे.

तुझा,
कल्याण

*

सावरवाडी,
दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. कल्याण यास,
मीनाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोहोचलं. फोनवर मी हं हं करते कारण तू मध्ये श्वास घेत नाहीस. म्हणून पत्रच बरं. आबांचं नाव लागणार हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. फोटो सापडला, पण त्यात आबा एवढे रागावलेले दिसतात की वाचायला आलेलं पोरगं पळून जाईल.

गायरानातली ज्वारी हुरड्याच्या पुढं गेली. पुढच्या पंधरवड्यात काढणी. तुला आठवत असेल, सहा वर्षांपूर्वी पंचायतीनं आम्हा सात बायांना ती चार एकर कसायला दिली तेव्हा सगळं गाव हसलं होतं. नुसता मुरूम. दोन वर्षं आम्ही गोटेच वेचले. पालापाचोळा, शेण, बांधाला अंबाडी, मध्ये तूर, मूग. औषधाचा थेंब नाही. आता मूठभर माती उचलली तर गांडूळ निघतं. सुगराबी तिथं गेली की चप्पल बांधावर काढून ठेवते. मी एकदा हटकलं तर म्हणाली की इतकी मेहनत केल्यावर चपलेनं कसं तुडवू.

पण मंगळवारी एक गोष्ट झाली. मोजणीची माणसं आली आणि आमच्या ज्वारीत लाल रंगाचे दगड रोवून गेली. विचारलं तर म्हणाली, इथं सौर कंपनीच्या काचा लागणार, तुमच्याच गावानं ग्रामसभेत ठराव करून जमीन दिली. मी म्हटलं, कोणती ग्रामसभा? तर म्हणे, सव्वीस जानेवारीची. कल्याण, सव्वीसला झेंडावंदन झालं, जिलबी वाटली, मग तुझं वाचन. ग्रामसभा कुणी पाहिली? मी गावातच जन्मले, गावातच दिली, मला दिसल्याशिवाय इथं कुत्रंही फिरत नाही.

जरा चौकशी कर. तुझ्या शब्दाला भाऊसाहेब मान देतात. सौ. प्रियदर्शनीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
मीनाताई

*

मंठा,
दि. २२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप ताईस,
कल्याणचा शि. सा. न. वि. वि.

एवढं घाबरायचं कारण नाही. मोजणीवाले काहीही बोलतात. पण तुझा प्रश्न मात्र मला फार आवडला. आपण पुस्तकात वाचलं ते हेच ना? गावाचा कारभार गावानं विचारायचा, तोही कागदावर. सोबत अर्जाचा मसुदा पाठवतो आहे. त्यावर तुम्ही सातही जणींनी सह्या करा आणि ठरावाची प्रमाणित प्रत मागा. हजेरीसकट मागा. हजेरीशिवाय ठराव म्हणजे मुंडक्याशिवाय धड.

वाचनकट्ट्यातल्या बाया माहितीचा अर्ज करतात हे मी इथल्या मित्रांना सांगितलं. सगळे थक्क झाले. तुम्ही माझं नाव काढलंत. खोलीचा पाया खोदून झाला बरं का. अशीच माया असू दे.

तुझा,
कल्याण

*

सावरवाडी,
दि. १८ मार्च २०२५

चि. कल्याण यास,
अनेक आशीर्वाद.

प्रत मिळाली. तीन वेळा हेलपाटे घातल्यावर. ठराव क्रमांक सात, गायरानाची जमीन सौर प्रकल्पास देण्यास ग्रामस्थांची हरकत नाही, सर्वानुमते मंजूर. खाली हजेरी, एकशे बारा. पहिली सही माझी.

तू त्या दिवशी कागदावर तीन रकाने आखले होतेस. नाव, सही आणि वाचायला कोणतं पुस्तक नेलं. त्यांनी तिसरा रकाना कापायचेही कष्ट घेतले नाहीत. सुगराबी पठाण, पुढं तिची सही, पुढं कविता. दुर्गाबाईपुढं शेती. माझ्यापुढं लोकशाही. जमीन देऊन टाकायच्या ठरावाला आम्ही ही अशी हजर होतो. सुगराबीनं तीन महिने पाटीवर गिरवून ती सही बसवली होती. कागद पाहून आधी तिला आनंदच झाला, माझी सही बराबर आली म्हणाली. मग मी वरचा मजकूर वाचून दाखवला. ती उठून घरी गेली.

तुला फसवलं, हे मला कळतं. तुझ्यावर राग नाही. पण आता एक काम फक्त तूच करू शकतोस. आम्ही तक्रार केली आहे. चार एप्रिलला घनसावंगीला गटविकास अधिकाऱ्यांपुढं सुनावणी आहे. ते म्हणाले, हा कागद वाचनाचा होता असं ज्यानं तो आखला त्यानं लिहून दिलं तर ठराव टिकणार नाही. चार ओळी पुरेत. तुझं अक्षर साऱ्या तालुक्याला माहीत आहे.

वाट पाहते.

तुझी,
मीनाताई

*

मंठा,
दि. २६ मार्च २०२५

तीर्थरूप ताईस,
कल्याणचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण ताई, थोडं थंड डोक्यानं घे. सूर्याची वीज ही काही वाईट गोष्ट नाही. आपणच धुरावर, डिझेलवर किती वाचन केलं! उद्या गावाच्या पंपांना दिवसा वीज मिळाली तर नाही कोण म्हणेल? रामरावांनी मला शब्द दिला आहे की तुम्हाला ओढ्याकाठी दुसरी जागा देतील.

खोलीवर स्लॅब पडला. आबांच्या नावाची पाटी मी स्वतः जालन्याहून रंगवून आणली. निळ्यावर पांढरी अक्षरं. एक मेला उद्घाटन ठरलं आहे. एवढं होत आलेलं काम एका कागदावरून मोडावं असं तुला तरी वाटतं का? मी सरकारी पेन्शनर माणूस. उद्या चौकशी उलटून माझ्यावरच आली तर या वयात तोंड कुठं लपवू? प्रियदर्शनीचा रक्तदाब तुला ठाऊक आहे.

तरी मी हात झटकत नाही. दोन्ही बाजूंना मान्य होईल असं काहीतरी लिहून पाठवतो. तू राग धरू नकोस. आपण दोघंच तर उरलो आहोत.

तुझा,
कल्याण

*

सावरवाडी,
दि. ३ मे २०२५

कल्याण,

या पत्राला महिना लागला. आधी लिहिलं असतं तर शिव्या लिहिल्या असत्या.

चार एप्रिलला आम्ही सातही जणी गेलो. तुझं पत्र साहेबांनी मोठ्यानं वाचलं. वाचनाचा कार्यक्रम व ग्रामसभा एकाच मांडवात एकामागून एक झाल्याचे स्मरते, असं लिहिलंस. स्मरते! मांडव तरी होता का तिथं? आम्ही उन्हात बसलो होतो. सुगराबीनं माझ्याकडं पाहून विचारलं की हे मास्तरांनीच लिहिलं का. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ठराव कायम झाला. पायऱ्या उतरताना रामरावांनी मला नमस्कार केला.

मला तर त्याआधीच कळलं होतं. कवितेत जे लिहिलेलं नसतं ते शोधायला तूच शिकवलंस ना? मार्चचं तुझं पत्र मी तसंच वाचलं. उन्हाच्या विजेवर एवढं, पाटीच्या रंगावर एवढं, आणि तो कागद वाचनाचा होता यावर एक शब्द नाही. तरी सुनावणीला जाईपर्यंत मी इतर सहा जणींना सांगत राहिले की माझा भाऊ आहे, लिहील. माझी जमीन गेली याचं दुःख आहेच, पण त्या सहा जणींपुढं तू मला खोटी पाडलीस, ते मला जास्त लागलं.

एकवीस तारखेला जेसीबी आला. सहा वर्षांची माती एका सकाळीत एका कडेला लोटली. दुर्गाबाई रडली. मला रडू आलं नाही. मी त्या ड्रायव्हरला पाणी दिलं, ऊन फार होतं. त्यानं काय केलं होतं बिचाऱ्यानं! ओढ्याकाठच्या जागेचं रामरावांना विचारलं तर म्हणाले, मी असं बोल्लोच न्हाई.

तरी परवा मी उद्घाटनाला आले. आबांचं नाव लागताना घरचं कुणीच नसलं तर गाव हसलं असतं, एवढ्यासाठीच. तू चांगला बोललास. लोकशाही म्हणजे शेवटच्या माणसाला विचारणं, असं म्हणालास तेव्हा टाळ्या पडल्या. मी हात मांडीवरच ठेवले.

निघताना शिपायानं दारात वही पुढं केली, हजेरीला सही करा म्हणून. मी शाईचं पॅड मागितलं. तो गोंधळला. म्हणाला, मावशी, तुम्ही तर आख्खं पुस्तक वाचून राह्यल्या, तुम्हाला अंगठा कशाला? मी लावला. माझ्यामागं सुगराबीनं लावला, मग दुर्गाबाईनं, मग ओळीनं सगळ्या बायांनी. पोरींनीसुद्धा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तू समोरच उभा होतास, पण मान वळवलीस, म्हणून लिहून कळवते.

आबांना सही येत नव्हती. जन्मभर अंगठाच लावला त्यांनी, पण कुणाच्या खोट्या कागदावर लावला नाही. त्यांच्या खोलीतली पहिली वही अंगठ्यांनी भरली, याचं त्यांना वाईट वाटलं नसतं.

दुसऱ्या रविवारी येऊ नकोस. कुणी बसणार नाही. औषधं वेळेवर घे. माया मागू नकोस, द्यायला सध्या नाही.

मीना

(सही करत नाही. अक्षर ओळखीचं आहेच.)