कॅप्टनसाहेबांचे चिरंजीव

३ फेब्रुवारी
निर्णय पक्का. या महिन्यात लग्नाचं विचारायचं. मुलगी दातांच्या डॉक्टरांची. मी त्यांच्या क्लिनिकमागच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. म्हणजे दोन्ही घराणी एकाच फील्डमधली.

४ फेब्रुवारी, सकाळी
अडचण एकच. मी आश्रमाच्या पायरीवर सापडलेला. आईवडील अज्ञात, आडनाव फॉर्म भरणाऱ्या कारकुनाचं. पण आरशात नीट पाहिलं. असला जबडा साध्यासुध्या घरात घडत नाही. दिवसभर जबडेच बघतो, मला कळतं.

९ फेब्रुवारी
हो म्हणाली! आश्रमाचं तिला आधीपासून माहीत आहे. म्हणाली, घरी मी बोलते, तू फक्त असशील तसा ये. भोळी आहे.

१३ फेब्रुवारी
रविवारी चहाला बोलावणं. डॉक्टर म्हणाले, आम्ही तसलं काही मानत नाही. मग आडनाव विचारलं. दोनदा. चार वर्षं 'ए लॅब' म्हणून हाक मारतात, त्यांचा तरी काय दोष!
वडील ठरवून टाकले. जहाजावर कॅप्टन. वादळात गेले. आईही सोबतच होती. विषय संपला.

१५ फेब्रुवारी, रविवार
झकास! मला बसायला क्लिनिकमधली प्लास्टिकची खुर्ची दिली. सोफा ओला होता म्हणे. त्यावर तिचे आईवडील बसले होते. वादळ मस्त रंगलं. तिच्या आईनं तोंडाला रुमाल लावला, खांदे हलत होते. हळवी बाई. डॉक्टरांनी जहाजाचं नाव विचारलं. समोर कॅलेंडरवर टूथपेस्टचं नाव होतं, तेच ठोकून दिलं. ती सगळा वेळ खाली बघत होती. लाजाळू.

१८ फेब्रुवारी
लॅबमध्ये आली. तिनं घरी आधीच सगळं खरं सांगितलं होतं. तीन दिवस जेवली नव्हती. तेव्हा कुठे डॉक्टर म्हणाले होते, मुलगा निदान सरळ असेल तर बघू. आता त्यांना आयतं कारण मिळालं. म्हणाली, तुला आईबाप नाहीत याची मला कधी लाज वाटली नाही. तुला वाटते, हे रविवारी कळलं. आणि गेली.
चूक लक्षात आली. पायलट हवा होता.

२२ फेब्रुवारी
आश्रमात गेलो. मला वाढवलं त्या ताईंना विचारलं, माझ्या आईवडिलांचं खरंच काहीच माहीत नाही का? ताई म्हणाल्या, चौदा तारखेला एक मुलगी हेच विचारून गेली. काही नाही म्हटल्यावर म्हणाली, असू दे, मग लग्नात त्याच्याकडून तुम्ही उभ्या राहाल ना?
ताईंनी त्यासाठी चष्म्याची मोडकी काडी बदलून घेतली आहे. तारीख विचारत होत्या.
कळवतो म्हणालो.