झाकण फोटोपुरतं

सोमवार, ३ तारीख. सकाळ
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. भिंगरीला आतली कडी काढता यायला लागली. दीड वर्षाची पोर, अजून धड आई म्हणत नाही, पण स्टुलावर चढून कडी बरोब्बर सरकवते. दाराबाहेर एक पायरी, आणि पायरीला लागून गटाराचं उघडं भोक. झाकण मागच्या महिन्यात कोणी मेल्यानं चोरलं. म्हणून रात्री माझा पाय आणि तिचा पाय एका दोरीनं बांधले. ती वळली की मी उठते, मी वळले की ती रडते.
हे ट्रकवर. यायला अजून तीन आठवडे.
ठरवलं, रडत बसायचं नाही. चौकात नगरपालिकेच्या ऑफिसचा मोठा बोर्ड लागलाय. ऑफिस आता तुम्हाला जबाबदार, नागरिक हाच मालक. वर साहेब हात जोडून उभे. मालक म्हणजे मीच की! पोराला वळण लावतात तसं ऑफिसला लावायचं. आठ दिवसांत झाकण बसलं नाही तर नाव बदलीन.

मंगळवार, ४
तक्रारीचा फोन लगेच लागला. माणूस किती गोड बोलतो. म्हणाला, ताई जेवलात का? सरकारनं मला आजवर असं विचारलं नव्हतं. पोरीची चौकशी केली. मग म्हणाला, मेसेजमध्ये नंबर आलाय, ओटीपी, तो सांगा. सांगितला. लगेच दुसरा मेसेज, तक्रार निकाली, नागरिक समाधानी.
बाहेर जाऊन बघितलं. भोक आहे तिथंच.
बहुतेक आधी मेसेज येतो, मागून झाकण.

गुरुवार, ६
मागून काही आलं नाही. दादाला सांगितलं. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, चौकातल्या गॅरेजवर असतो. कपाळावर हात मारला त्यानं. म्हणाला, अगं बावळट, ओटीपी म्हणजे तुझी सही. काम झालं म्हणून सही दिलीस, आता कशाला येतात ते? संध्याकाळी जाड फळी आणून भोकावर टाकली.
मी म्हटलं, राहू दे, पण तात्पुरती. आपणच सगळं केलं की सरकार शेफारतं.
आज झोपणार.

शनिवार, ८
ऑफिसची दोन माणसं आली. एक म्हातारा, एक तरणा. फळी उचलली. म्हणे सरकारी भोकावर खाजगी वस्तू ठेवता येत नाही. मी म्हटलं, मग सरकारी ठेवा. तरणा म्हणाला, आमचं खातं अडथळे काढायचं, झाकणाचं खातं वेगळं. फळी घेऊन गेले.
एक बरं झालं. आपलं भोक त्यांना माहीत आहे.

मंगळवार, ११
आठ दिवस झाले. नाव बदलायचं राहू दे, तेव्हा रागात होते.
परत कम्प्लेंट. आज ओटीपी देणार नाही, जीव गेला तरी.
दुपार. दिला. तोच गोड माणूस. म्हणाला, ताई, तक्रार उघडी राहिली की साहेब मला फाडून खातात, मलाही दोन पोरी आहेत. मला रडूच आलं. मी नाही म्हणायच्या बेतात होते खरं तर. पुढच्या वेळी नक्की.

गुरुवार, १३
झाकण आलं!!! टेम्पोतून. लोखंडी, नवंकोरं, पिवळं. तीच दोन माणसं. बसवलं, मला शेजारी उभं केलं, ताई हसा म्हणाले, फोटो काढला. मी आनंदानं चहा टाकायला आत पळाले.
बाहेर आले तर झाकण टेम्पोत. म्हातारा म्हणाला, पोरी, हे फोटोचं झाकण आहे. सगळ्या भागाला एकच. अजून चार गल्ल्या बाकी आहेत.
चहा मात्र पिऊन गेले.
तरी पण. माप बरोबर बसलं, हे कळलं.

शुक्रवार, १४
भिंगरीची चप्पल पडली आत. आवाज यायला वेळ लागला.
माझ्या हातात तिचा फ्रॉक होता. नुसता फ्रॉक. सुटला असता तर.
वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, काय मालकीणबाई, आता तरी ओरडा की.
पुढे लिहीत नाही.

सोमवार, १७
ऑफिसचा फोन. समाधानी नागरिक म्हणून माझा सत्कार! फोटो छान आला म्हणे. देवच पावला. माइक हातात येऊ दे, सगळं बोलते. गोड माणसाचं, फळीचं, टेम्पोचं. साहेबांना खाली बघायला लावते. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. भिंगरीनं टाळ्या वाजवल्या.
संध्याकाळ. गुच्छ दिला. माइक तोंडासमोर धरला. मी थँक्यू म्हणाले.
एवढंच.
पण साहेबांच्या डोळ्यांत रोखून बघितलं मी. त्यांना कळलं असणार.

बुधवार, १९. दुपार
मोठे साहेब फोटो बघून खूश, म्हणून आज आणखी एक फोटो. परत टेम्पो, परत झाकण, परत ताई हसा. मी साहेबांची नावं लिहून घ्यायला वही घेऊन उभी होते, कडेवर भिंगरी. फोटो झाला. आणि काय झालं माझं मलाच कळलं नाही, मी झाकणावर बसले.
तरणा म्हणाला, ताई उठा, उशीर होतोय. मी म्हटलं, मला उचला आणि न्या. बाईमाणसाला हात लावता येत नाही म्हणून लेडी पोलीस आणायला गेलेत दोघं. टेम्पो इथंच उभा आहे.
वाऱ्यानं दार ओढलं गेलं, लॅच लागलं. किल्ली आत, फोन आत. फोन वाजतोय. ओटीपी मागत असतील.
काकू झोपल्या. हाका मारून घसा बसला. भिंगरी भुकेली आहे, झाकण तापलंय, तिला मांडीवरून खाली सोडता येत नाही. पण उठले आणि तेवढ्यात ते आले तर झाकण नेतील. सरकार ज्याला सुधारायचं त्यानं सुधारावं. मला हे एक झाकण पाहिजे.
हे पान फाडून वाऱ्यावर सोडते. ज्याला सापडेल त्यानं एवढं करा. चौकातल्या गॅरेजच्या पाटीवर नंबर आहे, तिथं माझ्या दादाला फोन करा. म्हणावं, भांडायला नको, नुसता बसायला ये. तुझं वजन चांगलं आहे.